गाठीभोवतीची जमीन आणि साखरेची गोळी

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी माझ्या औषधांच्या दुकानातली गर्दी ओसरल्यावर एक बाई आल्या आणि वहीच्या पानाचा चतकोर तुकडा त्यांनी काउंटरवर ठेवला. त्यावर निळ्या शाईत ‘मेटफॉर्मिन ५००’, म्हणजे मधुमेहाच्या गोळीचे नाव, एवढेच लिहिले होते. डॉक्टरांचे नाव नव्हते, तारीख नव्हती, दिवसातून किती वेळा घ्यायची तेही नव्हते. “दादा, महिन्याची द्या की,” त्या म्हणाल्या. त्या सोलापूरजवळच्या कुंभारीच्या विडी घरकुलात राहतात आणि विड्या वळून घर चालवतात. त्यांच्या पतीच्या जिभेच्या कडेला कर्करोग झाला असून बार्शीला त्यांचे रेडिएशन चालू आहे. पतीला शुगर आहे का, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी मान हलवली. “शुगर न्हाई ओ. पण भाच्यानं मोबाईलवर वाचलंय, ही गोळी गाठीला आतून वाळवती म्हणून.”

मी त्यांना गोळी दिली नाही. मात्र भाच्याने वाचलेले सगळेच खोटे आहे, असेही मी म्हणू शकलो नाही, कारण या गोळीचा आणि गाठीचा काही संबंध असावा या प्रश्नामागे गेली चार वर्षे मीही आहे. दुकानात उभ्याउभ्या दोन मिनिटांत जे सांगता आले नाही, ते इथे सविस्तर लिहितो आहे.

माझ्यापुरती या प्रश्नाची सुरुवात आईच्या आजारपणात झाली. तिला मधुमेह जुना. स्तनाच्या कर्करोगाचे निदान चार वर्षांपूर्वीचे. पेट स्कॅनच्या आधी दोन दिवस मेटफॉर्मिन बंद ठेवा, असे आम्हाला सांगण्यात आले. ही सूचना अनेक ठिकाणी देतात आणि तिचे कारण साधे आहे: या तपासणीत साखरेसारखा एक किरणोत्सारी पदार्थ शिरेतून देतात, जास्त साखर खाणाऱ्या पेशी तो अधिक ओढून घेतात आणि चित्रात उजळून दिसतात; मेटफॉर्मिन चालू असेल तर आतड्याचे अस्तरही तो पदार्थ भरपूर ओढते आणि त्या उजेडात खरे काही असेल तर झाकले जाऊ शकते. आईने तेव्हा विचारले, “साखरेच्या गोळीचा आणि माझ्या गाठीच्या फोटोचा काय संबंध रे?” कारण मी तिला सांगितले, पण रोज शेकडो पाकिटे हाताखालून जाणारी ही गोळी रक्तातली साखर उतरवण्यापलीकडे शरीरात काय काय हलवते, याचा आपण कधी नीट विचारच केला नव्हता, हे मला त्या दिवशी जाणवले.

गोळीचा इतिहास थोडक्यात सांगतो. युरोपात गॅलेगा ऑफिसिनॅलिस नावाची, फिकट जांभळ्या फुलांची, शेंगावर्गातली एक वनस्पती आहे. तिच्यातल्या रक्तशर्करा उतरवणाऱ्या द्रव्याच्या कुळातले हे रसायन १९२२ मध्ये डब्लिनमध्ये वर्नर आणि बेल यांनी प्रथम तयार केले. माणसांवरील त्याचा उपयोग १९५७ मध्ये फ्रान्समधील डॉक्टर जाँ स्टर्न यांनी प्रसिद्ध केला, आणि अमेरिकेत त्याला परवानगी मिळायला १९९४ साल उजाडले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणि त्यातील बहुतेकांची पहिली गोळी हीच असते. दोन-तीन रुपयांच्या गोळीने कर्करोगाला आळा बसत असेल, तर आपल्या जिल्ह्यासारख्या ठिकाणी त्याचा अर्थ फार मोठा आहे, म्हणून या आशेकडे मी तुच्छतेने पाहत नाही.

ही आशा जागी झाली ती २००५ मध्ये. स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनी टाइप २ मधुमेहाच्या सुमारे १२ हजार रुग्णांच्या नोंदी चाळल्या आणि ज्यांनी मेटफॉर्मिन घेतले होते त्यांच्यात कर्करोगाचे प्रमाण कमी असल्याचे मांडले. त्यानंतर देशोदेशींच्या नोंदींमधून असेच निष्कर्ष निघत गेले, काही तर विश्वास बसू नये इतके चांगले. २०१२ मध्ये मॉन्ट्रियलच्या सुईसा आणि अझूले यांनी त्यातला एक मोठा दोष दाखवून दिला. समजा, एखाद्याला मधुमेह झाल्यावर तीन वर्षांनी मेटफॉर्मिन सुरू झाले. गोळी सुरू होईपर्यंत तो जगला आणि कर्करोगमुक्त राहिला म्हणूनच तो ‘गोळी घेणारा’ या गटात मोजला गेला. ती आधीची तीन वर्षेही गोळीच्या खात्यावर जमा केली, तर गोळीने न केलेले पुण्य तिच्या नावावर चढते. ज्याला मधल्या काळात कर्करोग झाला, तो आपोआप दुसऱ्या गटात पडतो. अशा दोषापासून जपून पुन्हा हिशेब मांडला, तेव्हा सुरुवातीचा बराचसा फायदा वितळून गेला.

तरीही प्रयोगशाळेतले लोक थांबले नाहीत, कारण या गोळीचे पेशीतले काम ठाऊक झाले होते आणि ते कर्करोगाच्या वाटेवरच होते. पेशीची ऊर्जा जिथे तयार होते त्या तंतुकणिकांमधील साखळीच्या पहिल्या टप्प्याला मेटफॉर्मिन काहीसे अडवते. ऊर्जा कमी पडते आहे असे दिसताच पेशीतले एएमपीके नावाचे विकर जागे होते आणि वाढीची खर्चिक कामे थांबवते. या विकराला चालना देणारे एलकेबी१ हे जनुक मुळात अर्बुदांना आवर घालणारे जनुक म्हणून ओळखले जाते. म्हणजे मधुमेहाचा आणि कर्करोगाचा धागा इथे एकाच ठिकाणी बांधलेला आहे. अडचण मात्रेची आहे. काचेच्या बशीतल्या कर्करोगपेशी मारण्यासाठी बहुतेक प्रयोगांत जेवढी तीव्रता वापरली गेली, ती गोळी घेणाऱ्या माणसाच्या रक्तात असते त्याच्या शेकडो पटींनी अधिक होती. शिवाय मेटफॉर्मिन पेशीत आपोआप झिरपत नाही, त्याला आत नेणारी वाहक प्रथिने लागतात. यकृतात ती भरपूर असतात, अनेक गाठींमध्ये नसतात. त्यामुळे ‘गोळी गाठीला वाळवते’ हे वाक्य, निदान त्या सरळ अर्थाने, माणसाच्या शरीरात खरे ठरण्याची शक्यता कमी आहे.

मग गेल्या दहा-बारा वर्षांत प्रश्नच बदलला. गोळी गाठीवर काम करत नसेल, पण गाठीच्या भोवतीच्या जमिनीवर करत असेल तर?

‘जमीन’ हा शब्द माझा नाही. लंडनचे शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी अभ्यासून असे मांडले की, रोग शरीरात कुठेही सारखा पसरत नाही. बी सगळीकडे उडते, पण मानवेल त्या जमिनीतच रुजते. सोलापूरच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पावसाळ्यानंतर नुसत्या ओलीवर पोसणारी मालदांडी ज्वारी मुरमाड माळावर पेरून पाहावी. बी तेच, कणीस मात्र वेगळे. कर्करोगाकडे आपण जवळजवळ शतकभर बी म्हणून पाहत राहिलो. जमिनीकडे पाहणे गंभीरपणे सुरू झाले ते अलीकडे, आणि मला स्वतःला हा बदल या साऱ्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

गाठ म्हणजे कर्करोगपेशींचा गोळा, असे आपल्या डोळ्यांसमोर चित्र असते. प्रत्यक्षात तिच्यात इतर पेशींची मोठी वस्ती असते. स्वादुपिंडाच्या कर्करोगात तर गाठीचा बराचसा भाग या इतरांचाच असतो. तंतुपेशी कोलॅजनचे धागे घालत राहतात आणि ऊती इतकी घट्ट होते की औषध आत पोहोचणे कठीण होते. रक्तवाहिन्या उगवतात, पण वेड्यावाकड्या आणि गळक्या, त्यामुळे रक्त असूनही प्राणवायू पुरत नाही. साखर घाईने जाळल्यामुळे लॅक्टिक आम्ल साचते. कचरा आणि जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशी, ज्यांना मॅक्रोफेज म्हणतात, त्या इथे येऊन अनेकदा उलटतात आणि गाठीचेच रक्षण करू लागतात. या सगळ्यांतून वाट काढत आपल्या प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी आत शिरतात, तेव्हा त्यांना प्राणवायू मिळत नाही, साखर मिळत नाही, आणि त्या थकून जातात. शास्त्रीय लेखनातही त्यांच्यासाठी ‘थकलेल्या’ हाच शब्द वापरतात. बी मारणारे औषध कितीही तेज असले, तरी अशा जमिनीत ते पोहोचतच नाही, किंवा पोहोचले तरी त्याला साथ द्यायला कोणी उरलेले नसते.

मेटफॉर्मिन या जमिनीत काय करते, याचे मला सर्वांत पटलेले उत्तर प्राणवायूशी संबंधित आहे. पिट्सबर्ग येथील संशोधकांनी २०१७ मध्ये उंदरांमध्ये दाखवले की, मेटफॉर्मिनमुळे गाठीतील पेशींचा प्राणवायूचा वापर मंदावतो आणि म्हणून गाठीतला प्राणवायूचा तुटवडा कमी होतो. एका विहिरीवर चोवीस तास चालणारी मोटर थोडी मंद केली, तर शेजारच्या आडात पाणी दिसू लागावे, तसे हे आहे. त्या शिल्लक प्राणवायूवर टी-पेशी पुन्हा काम करू लागतात. त्या आक्रमक गाठींवर नुसत्या मेटफॉर्मिनचा जवळजवळ काहीच परिणाम झाला नाही. पण टी-पेशींचा लगाम सोडणारे पीडी-१ विरोधी इम्युनोथेरपीचे औषध सोबत दिले, तेव्हा गाठी आवरल्या गेल्या. गोळीने गाठ मारली नाही, मारणाऱ्यासाठी जागा करून दिली. हा फरक लहान वाटतो, पण मोबाईलवरच्या संदेशात नेमका तोच गळून पडतो.

त्याच्या दोन वर्षे आधी जपानमधील ओकायामा येथील गटाने याच दिशेचा पुरावा दिला होता. उंदरांना मेटफॉर्मिन दिल्यावर गाठी आटत होत्या. मात्र ज्या उंदरांत सीडी८ प्रकारच्या, म्हणजे रोगट पेशींना थेट मारणाऱ्या, टी-पेशी नव्हत्या किंवा त्या काढून टाकल्या होत्या, त्यांच्यात हा परिणाम दिसला नाही. औषध थेट गाठीवर काम करत असते, तर टी-पेशी असल्या-नसल्याने फरक पडला नसता. हा प्रयोग मी प्रथम वाचला त्या रात्री बराच वेळ झोप लागली नव्हती, कारण आईच्या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर त्यात होते.

ह्यूस्टनच्या एका गटाने २०१८ मध्ये आणखी एक दुवा जोडला. कर्करोगपेशी आपल्या पृष्ठभागावर पीडी-एल१ नावाचे प्रथिन मांडतात आणि ते दाखवून टी-पेशींना परत पाठवतात. मेटफॉर्मिनने जागवलेले एएमपीके या प्रथिनाच्या जडणघडणीत बिघाड करते, त्यामुळे ते पृष्ठभागावर येण्याआधीच पेशी त्याची विल्हेवाट लावते. बोस्टनमधील संशोधकांनी २०१५ मध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगात मेटफॉर्मिनचा परिणाम पाहिला, तेव्हा कोलॅजन आणि इतर घट्ट द्रव्ये कमी झालेली आढळली, मॅक्रोफेजही सौम्य झालेले दिसले. त्यात एक बारकावा आहे जो मला पुढच्या सगळ्या गोंधळाची किल्ली वाटतो: हा परिणाम लठ्ठपणा आणि मधुमेह यांच्या संदर्भात दिसत होता. ज्यांची जमीन मुळात इन्सुलिन, चरबी आणि दाह यांनी बिघडलेली आहे, तिथे गोळीला सुधारण्यासारखे काहीतरी होते.

उंदरांबरोबर माणसांतलाही थोडा पुरावा आहे. चीनमध्ये अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या रुग्णांना दिवसाला अवघे २५० मिलिग्रॅम मेटफॉर्मिन देऊन आधीच्या आणि नंतरच्या ऊतींची तुलना करण्यात आली आणि २०२० मध्ये ती प्रसिद्ध झाली. गाठीत टी-पेशी वाढल्या होत्या आणि मॅक्रोफेजचा तोल गाठीच्या विरुद्ध झुकला होता. डोके आणि मान या भागातील कर्करोगातही असे लहान अभ्यास झाले आहेत. आपल्याकडे मिश्री, तंबाखू आणि गुटखा यांनी तोंडाच्या कर्करोगाची जी रांग लावली आहे, ती पाहता या भागातले अभ्यास मी विशेष लक्ष देऊन वाचतो. बार्शीला १९८७ पासून देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू आहे. म्हणजे हा रोग आपल्या खेड्यांत किती आणि कसा आहे, हे मोजण्याची परंपरा आपल्याच जिल्ह्यात आहे. गोळीबद्दल बोलतानाही तोच मोजण्याचा आग्रह हवा, असे मला वाटते.

आणि मोजले, तेव्हा काय निघाले? सर्वांत मोठी चाचणी स्तनाच्या कर्करोगाची. कॅनडा, अमेरिका, ब्रिटन आणि स्वित्झर्लंड येथील, मधुमेह नसलेल्या ३६४९ रुग्णांपैकी निम्म्यांना पाच वर्षे दिवसातून दोनदा ८५० मिलिग्रॅम मेटफॉर्मिन आणि निम्म्यांना तशीच दिसणारी औषधहीन गोळी देण्यात आली. २०२२ मध्ये निकाल आला: रोग परतण्यात काहीही फरक नाही. फुप्फुसाच्या कर्करोगात केमोथेरपी आणि रेडिएशनसोबत मेटफॉर्मिन देणाऱ्या दोन चाचण्यांचे निकाल २०२१ मध्ये आले. एकीत फायदा दिसला नाही, आणि दुसऱ्या, लहान चाचणीत गोळी घेणाऱ्यांची स्थिती उलट वाईट ठरली. प्रोस्टेटच्या पसरलेल्या कर्करोगात २०२४ मध्ये जाहीर झालेल्या मोठ्या ब्रिटिश चाचणीतही आयुष्य निश्चितपणे वाढल्याचे सिद्ध झाले नाही, फक्त हार्मोन उपचारांमुळे वाढणारे वजन आणि साखर यांना आळा बसला.

हे निकाल वाचून मी खचलो, हे मान्य करतो. नंतर मात्र त्यातला एक समान धागा दिसला. या चाचण्यांतील रुग्णांना मधुमेह नव्हता. त्यांच्यापैकी बहुतेकांना इम्युनोथेरपीही मिळत नव्हती, म्हणजे गोळीने जागा करून दिली असली तरी त्या जागेत येऊन लढणारे कोणी ठेवलेले नव्हते. जमीन बिघडलेली असणे आणि बरोबर योग्य औषध असणे, या दोन अटी पूर्ण झाल्या तरच गोळीचा उपयोग दिसेल, असा माझा कयास आहे. कयास म्हणजे पुरावा नव्हे; प्रत्येक अटीची वेगळी चाचणी झाल्याशिवाय तो कयासच राहील, आणि तोवर निरोगी साखरेच्या माणसाला कर्करोगासाठी ही गोळी देण्याला आधार नाही, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

विडी घरकुलातल्या त्या बाईंना गोळी नाकारण्यामागे याहून जवळचे कारण होते. तोंडाच्या कर्करोगात रेडिएशनबरोबर बऱ्याचदा सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचे औषध देतात आणि सिस्प्लॅटिन मूत्रपिंडाला इजा करू शकते. मेटफॉर्मिनचे शरीरात विघटन होत नाही, ते जसेच्या तसे मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. तोंड आलेले, पाणी गिळता येत नाही, उलट्या होत आहेत, मूत्रपिंड मंदावले आहे, अशा माणसात ही गोळी साचली तर रक्तात लॅक्टिक आम्ल वाढून जिवावर बेतू शकते. तेवढे झाले नाही तरी मळमळ, जुलाब आणि भूक मरणे हे तिचे नेहमीचे त्रास आहेत, आणि रेडिएशनच्या त्या सहा-सात आठवड्यांत रुग्णाचे वजन टिकवणे हाच अर्धा उपचार असतो. वजन फार घसरले की रेडिएशनमध्ये खंड पडतो, आणि पडलेला खंड रोगाच्या पथ्यावर पडतो. न सिद्ध झालेल्या फायद्यासाठी त्यांच्या पतीचे दोन किलो वजनही पणाला लावणे मला मान्य नव्हते.

याची दुसरी बाजूही आहे. ज्यांना मधुमेह आहे, अशा कर्करोगाच्या रुग्णांनी ‘आता एवढी औषधे आहेत, साखरेची गोळी कशाला’ म्हणून ती परस्पर सोडल्याचेही मी पाहिले आहे. माझ्या आईची गोळी चालू आहे, ती तिच्या मधुमेहासाठी. केमोथेरपीच्या काळात तिच्या डॉक्टरांनी मूत्रपिंडाचे काम सांगणारे रक्तातले क्रिएटिनिन पाहून मात्रा एकदा कमी केली होती आणि नंतर पूर्ववत केली. जीवनसत्त्व बी१२ चे प्रमाण या गोळीने घटू शकते म्हणून आम्ही वर्षातून एकदा तेही तपासतो. तिच्या गाठीभोवतीच्या जमिनीत गोळीने काही केले का, हे तिच्या एकटीच्या बाबतीत कोणालाच सांगता येणार नाही, आणि तिनेही आता विचारणे सोडले आहे.

त्या बाईंना मी यातले थोडेच सांगितले. कागदाच्या तुकड्याच्या मागे मी लिहून दिले: ‘ही गोळी द्यावी का, मूत्रपिंडाची तपासणी कशी आहे, आणि नळीतून किती आहार द्यायचा’, आणि हे तिन्ही प्रश्न बार्शीच्या डॉक्टरांना विचारा म्हणालो. त्यांनी तो घडी घालून कनवटीला खोचला. दहा दिवसांनी त्या पुन्हा आल्या. डॉक्टरांनी गोळी नको म्हणून सांगितले होते, आणि त्याच कागदावर प्रथिनांच्या पावडरचे नाव, दिवसातून किती वेळा आणि किती पाण्यात, हे सगळे लिहून दिले होते. मी डबा काढून दिला आणि पतीचे कसे आहे म्हणून विचारले. “वजन केलं की ओ काल,” त्या म्हणाल्या. “तेवढंच हाय. उतरलं न्हाई.”